दगडफुलांचा तास

जबलपूर,
रविवार, ८ डिसेंबर १९७४

प्रिय लतिका,

तुझी पेटी मी उघडली, हे आधी सांगून टाकते. विज्ञानाच्या कपाटातलं ते बुटांचं खोकं, ज्याच्यावर तू 'विचारल्याशिवाय हात लावू नये' असं मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवलं आहेस. विचारायला तू इथं नव्हतीस. यवतमाळला तुझ्या दादांच्या पत्त्यावर कार्ड टाकून विचारता आलं असतं, पण तुला काही लिहायचा मला धीर होत नव्हता. सप्टेंबरअखेर तू गेलीस, आता डिसेंबर लागला. एवढ्या दिवसांत ताईचं एक कार्डसुद्धा आलं नाही, याचं तुला काय वाटलं असेल हे माझ्या मनात येत नव्हतं असं समजू नकोस. रोज येत होतं.

आज सुट्टी आहे. हे जेवून पडलेत, मागच्या अंगणात ऊन आहे, आणि मी खाटेवर बसून मांडीवर पाट घेतलाय. सगळं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

तू रजेवर गेलीस (रजाच म्हणायचं, कागदावर तसंच लिहिलंय) आणि नववीला विज्ञान शिकवायला शाळेत कुणी उरलं नाही. बडी बहनजींनी मला मुख्याध्यापिकेच्या खोलीत बोलावून सांगितलं, "सुनेत्राजी, आपका तीसरा घंटा खाली है. बस, बच्चियों को चुप बिठाइए, किताब पढ़वा लीजिए." मी संस्कृत आणि मराठी शिकवणारी बाई. विज्ञानाशी माझा शेवटचा संबंध मॅट्रिकला आला, तोही घोकंपट्टीचा. पण चुप बसवणं मला येतं, ते तुलाही माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तुझ्या वर्गातून हसण्याचा आवाज आला म्हणून मी व्हरांड्यातून येऊन दार लावून घेतलं होतं, आठवतं? तू आतून "सॉरी ताई" म्हणालीस, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तोच गलका. संध्याकाळी घरी जेवायला आलीस तेव्हा मी विचारलं, "काहून गं, मुली एवढ्या कशाला हसत होत्या?" तू म्हणालीस, "त्यांचं म्हणणं होतं की दगडाला जीव नसतो, आणि मग एक दगड हिरवा झाला." मी ते ऐकून घेतलं आणि तुला आणखी एक पोळी वाढली. काय म्हणालीस ते मला समजलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी मी त्या वर्गात गेले. सव्वीस मुली उभ्या राहिल्या, बसल्या. रामरावांची अंजनी पहिल्या बाकावर होती, डावा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात पट्टी. मी पुस्तक उघडलं. धडा निघाला सहजीवनाचा. दगडफुलात शैवाल आणि बुरशी असे दोन जीव एकत्र राहतात, हिरवं शैवाल उन्हातून अन्न करतं, बुरशी त्याला आसरा आणि ओलावा देते, वगैरे वगैरे. मी एका मुलीला वाचायला उभं केलं. तिनं चार ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात अंजनी उठली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "बहनजी, ये ऐसे नहीं पढ़ते. पहले पानी डालते हैं."

मला राग आला. खरंच आला. पण मुलगी हात मोडलेली, आणि तो हात कुठं मोडला हे सगळ्या वर्गाला ठाऊक. म्हटलं, "अच्छा, डालो." ती कपाटाकडे गेली, एका हातानं तुझं खोकं काढलं, आणि मग मी ते उघडलं. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर तुझ्या बारीक अक्षरात ठिकाण आणि तारीख. 'मदनमहल, मोठ्या दगडाची उत्तर बाजू.' 'ग्वारीघाट रस्ता, आंब्याची साल.' एका पुडीवर 'ओमती, चौकातली सात झाडं', आणि पुडी रिकामी. मी विचारलं, ही रिकामी का ठेवली? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "वहाँ मिला ही नहीं, बहनजी. धुआँ है न. नहीं मिला, वो भी रखना पड़ता है." लतिका, मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. जे सापडलं नाही त्याचीही पुडी बांधून ठेवायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अंजनीनं मदनमहलच्या पुडीतला एक करडा, कुरकुरीत तुकडा बशीत ठेवला. जुन्या भिंतीचा पोपडा असतो ना, तसा. तिनं बोटानं दोन थेंब पाणी सोडलं आणि म्हणाली, "गिनिए." सगळा वर्ग मोजायला लागला. मीही मनात मोजत होते. चाळीसच्या आसपास तो कडेनं हिरवा व्हायला लागला आणि शंभरला सगळा हिरवा झाला, कोवळ्या पानासारखा. माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं आणि सव्वीसच्या सव्वीस मुली हसल्या. तोच तो आवाज, ज्याच्यासाठी मी दार लावलं होतं. या वेळी दार लावायला कुणी आलं नाही.

त्या दिवसापासून वर्ग त्यांनीच चालवला असं म्हण. रोज तिसऱ्या तासाला मी खुर्ची घेऊन बाजूला बसायची आणि दोघीतिघी मिळून मला शिकवायच्या. टाचणीनं खरवडून काचेवर कसं घ्यायचं, पितळी सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे कसा वळवायचा. पहिले तीन दिवस मला त्यात माझ्याच पापण्या दिसल्या. चौथ्या दिवशी दिसलं. पांढरे धागे एकमेकांत गुंतलेले, आणि त्या धाग्यांत हिरवे गोल मणी. पुस्तकातलं चित्र फार नीटनेटकं आहे, खरं तसं नव्हतं, धागे कुठेही गेलेले, मणी कुठेही. मी म्हटलं, "यातलं कोण कोणाच्या घरी राहतं?" एक मुलगी म्हणाली, "लतिका बहनजी कहती हैं, अभी मत बताओ, पहले देखो." उत्तर सांगायची तुला कधीच घाई नसायची. मला वाटायचं, तुझी तयारी कमी पडते. माझ्या तासाला मुलगी अडली की मी पुढचा शब्द सांगून मोकळी होते. तुझ्या मुली अडतात तेव्हा खिडकीपाशी जाऊन पुन्हा बघून येतात.

मग ते तीन दगड. खोक्याच्या झाकणाच्या आत तू तो प्रयोग लिहून चिकटवला होतास. पुढच्या आठवड्यात करायचा म्हणून. आम्ही केला. काळ्या दगडाचे सारखे तीन तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. एकावर शाळेच्या हौदातलं हिरवं शैवाल थापलं, एकावर पावावरची बुरशी, आणि तिसरा मदनमहलचा दगडफुलासकट फुटलेला कपचा. रोज सकाळी प्रत्येकाला मोजून पाच थेंब पाणी, बाकी दिवसभर ऊन. तुला सांगते, मला त्याचा इतका नाद लागला की एका रविवारी हळदीकुंकवाला जाते म्हणून घरातून निघाले आणि शाळेच्या चौकीदाराकडून किल्ली घेऊन दगड बघून आले. आठव्या दिवसापर्यंत हिरवं सगळं वाळून खाकी कागदासारखं उडून गेलं. बुरशीची राख झाली. दगडावर तिला खायला काय मिळणार? तिसरा मात्र रोज दुपारी मेल्यासारखा करडा आणि रोज सकाळी पाणी पडलं की हिरवा. मुलींनी वहीत लिहिलं. मी सही करणार, एवढ्यात अंजनी म्हणाली, अजून एक ओळ राहिली. हौदातलं शैवाल म्हणजे दगडफुलातलं शैवाल नव्हे, पावावरची बुरशीही त्याची ती बुरशी नव्हे, म्हणून यावरून एवढंच कळतं, जास्त नाही, असं लिहावं लागेल. मी म्हटलं, "अगं, एवढं कोण बघतं?" ती म्हणाली, "हम देखते हैं, बहनजी."

मी सही केली. तिच्या त्या ओळीखाली.

घरातली एक गंमतही सांगते, नाहीतर तू म्हणशील ताई अगदीच बदलल्या. मुलींनी सांगितलं की आपल्या काळ्या मसाल्यात पडतं ते दगडफूल म्हणजे हेच. मी लग्न होऊन आल्यापासून ते भाजते आहे, आणि ते कुठल्या तरी झाडाचं फूल आहे असं समजत होते! डब्यातलं काढून बशीत पाणी घातलं. तेवढं हिरवं नाही झालं. मग बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन नवीन आणलं; दुकानदार म्हणाला, "पत्थर फूल चाहिए? कितना? मसाला अभी से?" मी म्हटलं, "नहीं भैया, देखना है." तेही नीट हिरवं झालं नाही, जरासं काळसर-हिरवं. फार दिवस साठवलेलं असतं म्हणून, की भाजतात म्हणून? तू सांगशील. यांनी बशीत डोकावून विचारलं, "आज बशीतच फोडणी का?" मी यांना सगळं समजावून सांगितलं, धागे, मणी, ऊन, पाणी. हे हायकोर्टातले जुने कारकून, कागदाशिवाय कशावर विश्वास नाही. तरी वाकून बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "ही लतिका पोरगी फार चांगली शिकवत होती म्हणायची." मी उठून आत गेले.

त्या शनिवारी सहलीत डोंगरावर काय झालं, ते मला अंजनीनं एकदा आपणहून सांगितलं. मी कधी तुला विचारलं नव्हतं. तू मुलींना दगडावर कागद ठेवून दगडफुलाची बाह्यरेषा काढायला शिकवत होतीस, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी येऊन ते किती वाढलं हे कळेल. अंजनीला त्याहून मोठं दिसलं, वरच्या दगडावर. तू नको म्हणालीस, दगड ओला होता. तू दुसरीकडे वळलीस आणि ती चढली. घसरली. तू फूटपट्टी हाताला लावून आपल्या साडीचा काठ फाडून बांधलास, आणि एका मुलीला खाली रिक्षा आणायला धाडलंस. रिक्षा येईपर्यंत अंजनी ओरडून राहिली होती. तू तिला मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, समोरच्या दगडावर बघ, किती रंग दिसतात ते मोज. तिनं पाच मोजले. ती मला म्हणाली, "छठा लतिका बहनजी ने दिखाया, नारंगी. वो दर्द में मुझे दिखा नहीं था." हे सांगताना ती हसत होती. ज्या दगडावर हात मोडला त्याचे रंग सांगताना कुणी हसतं का? तुझ्या मुली हसतात.

आता जे टाळत आले त्याच्याकडे येते. दिवाळीच्या सुट्टीत मी सव्वीस वह्या घरी आणल्या, सहामाहीचे गुण द्यायचे होते. तू त्यांना प्रत्येक पानाचे दोन भाग करायला लावतेस, डावीकडे 'देखा', उजवीकडे 'सोचा'. बघितलेलं आणि वाटलेलं एकात एक मिसळू द्यायचं नाही. मी जूनपासून वाचायला सुरुवात केली, कारण मागचं मलाही शिकून घ्यायचं होतं. वाचता वाचता अंजनीच्या वहीत चौदा सप्टेंबरचं पान आलं. 'देखा' खाली लिहिलं होतं: "सुबह सवा नौ बजे. लतिका बहनजी सुनेत्रा बहनजी के कमरे में गईं. बाहर आकर बोलीं, इजाज़त मिल गई. सुनेत्रा बहनजी ने खिड़की से कहा, बादल हैं, छाते ले लो." 'सोचा' च्या खाली काही नव्हतं. मी दुसरी वही उघडली, मग तिसरी. सतरा वह्यांत तेच होतं, थोड्याफार फरकानं. एकीनं छत्रीचं चित्रही काढलं होतं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या सोमवारी मी वर्गात पाऊल टाकलं तेव्हाही माहीत होतं. त्या दिवशी बडी बहनजी भोपाळला गेल्या होत्या आणि शाळा माझ्याकडे होती. तू विचारायला आलीस. मी वह्या तपासत होते, मान वर न करता "जा" म्हटलं, आणि मग खिडकीतून छत्र्यांचं ओरडून सांगितलं. आणि दहा दिवसांनी, कार्यकारिणीच्या बैठकीत, सचिव भय्यासाहेबांनी छापील कागद पुढे केला, 'सहलीस पूर्वपरवानगी होती काय?', तेव्हा त्याच्यासमोर मी लिहिलं, 'माझ्या माहितीत नाही.' तू टेबलाच्या पलीकडे बसली होतीस. एकदा माझ्याकडे पाहिलंस. भय्यासाहेबांनी तुला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तू म्हणालीस, "मुलींची जबाबदारी माझी होती." बस. एवढंच. तेव्हा मला वाटलं, हा तुझा ताठा आहे. मला असंही वाटलं, की बरं झालं.

काहून केलं, ते तुला कळायला हवं. मी स्वतःचा बचाव करत नाही. छप्पन साली हायकोर्ट नागपुरातून इथं आलं आणि त्याच्या फायलींबरोबर आम्हीही आलो. या शाळेत तेव्हा मराठीच्या पाच तुकड्या होत्या. एकेक घर नागपूरकडे परत गेलं, आता अर्धी तुकडी आहे, तीही हिंदीत बोलते. दर वर्षी माझा एखादा तास कमी होत गेला. मार्चमध्ये बडी बहनजी निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी मी, असं सगळे धरून चालले होते. त्या खुर्चीकडे मी फार वर्षं डोळे लावून बसले होते. ज्या बाईनं परवानगी दिली आणि मुलीचा हात मोडला, तिला ती खुर्ची मिळणार नाही, एवढा हिशेब मी त्या दोन मिनिटांत केला. तू माझ्या घरी जेवलेली, माझ्या तापात रात्रभर उशाशी बसलेली, त्या हिशेबात कुठेच नव्हतीस.

दिवाळीनंतर शाळा उघडली तरी मी गप्पच होते. मग गेल्या मंगळवारी रामराव आले. तू त्यांना एकदाच पाहिलंयस, दवाखान्यात, आरडाओरडा करताना. तोफगाडी कारखान्यातून ड्यूटी संपवून सरळ आले होते, सायकल हातात. मला वाटलं, पुन्हा भांडायला आले. ते म्हणाले, "बाई, पोरीचा हात जुळला. त्या बाईले काहून काढून राहिले तुम्ही? म्या तं तक्रारच नाही केली. त्या दिवशी बोललो ते बापाच्या जिवाचं होतं." मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. ते म्हणाले, "अंजनी म्हणते, सुनेत्रा बहनजी को सब पता है, वो बता देंगी." जाताना म्हणाले, "त्या बाई येतीन ना?" मी मान हलवली. कुठल्या अर्थानं हलवली ते मलाच कळलं नाही.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला मी खुर्चीवर बसले नाही. उभं राहून सांगितलं की चौदा सप्टेंबरला इजाज़त मी दिली होती, आणि नंतर मी खोटं लिहिलं, आणि लतिका बहनजींची काही चूक नव्हती. माझा आवाज मला वर्गात एवढा बारीक कधी ऐकू आला नव्हता. मग अंजनी म्हणाली, "मालूम है, बहनजी." खोकं पुढे ओढून म्हणाली, "आज आम की छाल वाला कर लें? घंटा बज जाएगा." आणि आम्ही आंब्याच्या सालीवरचं दगडफूल काढून भिंगाखाली बघत बसलो. मला वाटतं, मला आयुष्यात कुणी इतकं मोठं मन दाखवलं नाही. आणि हे मन त्या तुझ्याकडे शिकल्यात, पुस्तकातून नाही. तू त्यांना एवढंच शिकवलंस ना, की जे आहे ते नीट बघायचं आणि तसंच लिहायचं? मग बाकीचं त्यांना कुठून आलं? हे मला तुझ्याकडून समजून घ्यायचंय. मी तुझ्याहून वीस वर्षांनी मोठी आहे आणि मला येत नाही.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. सकाळी मी भय्यासाहेबांच्या घरी गेले आणि लेखी निवेदन दिलं. माझा पहिला जबाब खोटा आहे, परवानगी मी दिली होती, आणि मुलींच्या वह्या पुरावा म्हणून बघता येतील. त्याची माझ्या हातची नक्कल यासोबत आहे, जपून ठेव. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "सुनेत्राबाई, मार्चमध्ये ती खुर्ची तुमची होती. कळतंय ना?" मी म्हटलं, कळतं. "मग अडीच महिने काय करत होतात?" मी निवेदन त्यांच्याकडे ठेवून उठले. एकवीस तारखेला, शनिवारी, बैठक आहे, आणि तुला बोलावण्याचं शाळेचं पत्र दोनचार दिवसांत मिळेल. त्यात कचेरीतले बडे बाबू त्यांच्या पद्धतीनं 'नवीन माहिती समोर आल्यामुळे' असं काहीतरी लिहितील. ती माहिती नवी नाही, तो माझा खोटेपणा आहे, आणि तो तुला कचेरीच्या टंकलेखनात नाही, माझ्या अक्षरात कळावा, म्हणून त्याआधी हे पत्र पोचायला हवं. माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर ते बरोबरच आहे. रामराव इटारसीच्या गाडीला स्टेशनवर येतील, अंजनीच्या आईनं तुझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे, आमच्याकडे उतरायला हवं असं नाही. बैठकीत मला काय वाटेल याचा विचार करू नकोस, जे घडलं ते सगळं सांग. आणि माझ्यावरचा राग तिथंच ठेवून यायची गरज नाही, घेऊन ये. पण ये.

तुझीच म्हणवून घ्यायला अजून जागा उरली असेल तर,
तुझीच
सुनेत्रा